गौरीचा डावा गाल

"हलू नकोस," हे म्हणाले.

"मी कुठे हलतेय?"

"मग बोलू नकोस. बोललीस की गाल हलतो."

मी ओठ मिटले. पाडव्याची सकाळ होती. दारात गुढी उभी होती आणि मी आमच्या कारखान्याच्या मधोमध, न्हाऊन, केस घट्ट मागे बांधून पाटावर बसले होते. समोर दुसऱ्या पाटावर आमचे हे, म्हणजे अच्युतराव, डोळे गच्च मिटून. त्यांची दहाही बोटं माझ्या कपाळावरून निघाली, भुवयांवरून उतरली, नाकाच्या दोन्ही अंगांनी गालांवर आली. आणि डाव्या गालावर अंगठा थांबला.

आमच्याकडे ह्याला 'चेहरा घेणं' म्हणतात. पेणमध्ये गणपतींचे कारखाने गल्लोगल्ली आहेत, पण आमचं नाव होतं ते गौरीच्या मुखवट्यांसाठी. सासऱ्यांनी रीत घालून दिली होती. पाडव्याला घरच्या बाईला पाटावर बसवायचं, डोळे मिटून तिचा चेहरा बोटांनी एकदा नीट बघायचा, आणि मग तिच्याकडे पाठ करून शाडूचा पहिला मुखवटा घडवायचा. त्याचाच साचा काढायचा आणि वर्षभराच्या सगळ्या गौरी त्यातून. डोळ्यांना घरच्या माणसाची सवय झालेली असते, त्यांच्यावर भरवसा ठेवू नये, असं सासरे म्हणायचे. सासूबाई होत्या तोवर त्या बसायच्या. त्या गेल्या आणि पाटावर मी आले. कोकणातल्या कितीतरी घरांत भाद्रपदात माझंच तोंड हळदीकुंकू लावून पुजलं जायचं. मला त्याचा भारी तोरा होता, खोटं कशाला बोलू!

"इथे काय आहे?" ह्यांनी विचारलं.

"कुठे?"

"इथे. गालाच्या आत. हरभऱ्याएवढं काहीतरी."

मी घाईघाईने म्हणाले, "काही नाही हो. तुमच्याच अंगठ्याला घट्टा पडलाय, तो लागत असेल."

ते उठले, हात साबणाने धुऊन आले, अंगठा स्वतःच्या गालावर घासून बघितला, पुन्हा बसले. पुन्हा तेच. अंगठा गेला आणि त्याच जागी अडला. सलग तिसऱ्या पाडव्याला हे चाललं होतं. तीनही वेळा मी 'काही नाही' म्हणाले होते.

मग ह्यांनी चेहरा अर्धा टाकून डोळे उघडले. असं कधी म्हणजे कधी झालं नव्हतं.

"संपलं, शैला," ते म्हणाले. "माझी बोटं गेली."

"काहीतरीच काय बोलता सणासुदीला!"

"नसलेलं लागतंय त्यांना. दोन वर्षं गौरीचा डावा गाल फुगीर येतोय. मी करतो सारखे, आणि साच्यातून बघतो तर डावा मोठा. मागच्या वर्षी त्या रोह्याच्या बाई काय म्हणाल्या? गौरीची दाढ सुजलीय का?"

त्या वेळी मी हसले होते. हे हसले नव्हते.

"साखर आहे मला. साखरेने बोटं बधिर होतात, सगळे सांगतात. तो ठाण्याचा माणूस कधीचा विचारतोय, सोमवारी त्याला हो म्हणून फोन करतो. कॉम्प्युटरवर केलेला चेहरा, तयार साचा. आपण नुसता भरायचा आणि रंगवायचा." भिजवलेल्या शाडूच्या गोळ्यावर ओलं फडकं टाकून ते घरात निघून गेले. दुपारी पानात श्रीखंड तसंच राहिलं. श्रीखंड टाकणारा माणूस नव्हे हो तो.

माझं काय झालं म्हणून सांगू! एका वाक्याचं काम होतं. 'अहो, गाठ आहे, तुमची बोटं बरोबर आहेत.' एवढं म्हटलं असतं तर तो माणूस तिथल्या तिथे उभा राहिला असता. पण त्याच्या मागोमाग 'कसली गाठ?' आलं असतं, आणि त्याचं उत्तर मी नऊ वर्षं दडवून ठेवलं होतं.

माझ्याबरोबर ते दडवलं होतं आणखी एकीने. कुंदावन्सं, माझी धाकटी नणंद. वाशीहून पाडव्याला आल्या होत्या. मोरीपाशी मला गाठून म्हणाल्या, "वहिनी, आता सांगून टाक. दादा पानावरून उठला अर्धवट."

"तुम्हीच सांगा की! डोक्यात भरवलं कोणी माझ्या?"

"मी भरवलं डोक्यात. गालात भरायला तूच गेलीस."

ते मात्र खरं होतं.

नऊ वर्षांपूर्वी दिवाळीत मला कावीळ झाली होती. ताप, उलट्या, महिनाभर पथ्य. उठले तेव्हा अंगावर मूठभर मांस नव्हतं आणि गालांची पार खोबणी झाली होती. तेव्हा वन्संनी सांगितलं, मुंबईत एक डॉक्टर आहे, पोटावरची चरबी सुईने काढतो आणि गालांत भरतो. आपलंच सामान, या खोलीतून त्या खोलीत, बाहेरचं काही नाही. मी गेले. का गेले ते वन्संनाही सांगितलं नाही. त्यांना वाटलं, वहिनीला नटायची हौस. त्या डॉक्टरने सांगितलं की थोडी चरबी विरते म्हणून जरा जास्तच भरतो. दहा वर्षांनी काय होईल ते त्याने सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. त्या वेळी पाडवा तेवढा दिसत होता मला.

घरी सांगितलं की कुंदावन्संचा पाय मोडलाय, तीन आठवडे त्यांच्याकडे राहते. सगळं बेमालूम जमलं असतं. पण सहाव्या दिवशी ह्यांचा फोन आला, "पनवेलला आलोय. कुंदाला बघून जातो. पोह्याचे पापड आणलेत." आमच्या तोंडचं पाणी पळालं! माझं तोंड सुजून टम्म, आणि मोडक्या पायाच्या वन्सं स्टुलावर चढून जळमटं काढताहेत.

पण कारखान्यात वाढलेली पोर ती. शाळेच्या कसल्याशा प्रकल्पासाठी मुलाने आणलेली प्लास्टरची पिशवी माळ्यावर होती. वन्संनी ती परातीत कालवली, जुनं धोतर फाडलं आणि वीस मिनिटांत पोटरीपासून घोट्यापर्यंत स्वतःच्या हाताने प्लास्टर चढवलं. प्लास्टर घट्ट होताना तापतं. हे दारातून आत आले तेव्हा पाय चांगलाच भाजत होता आणि वन्संच्या डोळ्यांतून खरं पाणी वाहत होतं.

"फार दुखतं का गं?" ह्यांनी विचारलं आणि प्लास्टरवर टिचकी मारून बघितली. मग कडेवरून बोट फिरवलं. "काम मात्र झकास आहे. कडा बघ काय सफाईदार! डॉक्टर पेणचा आहे का?"

मग माझ्याकडे वळले. मी मफलर गुंडाळून कोपऱ्यात बसले होते.

"तुला काय झालं?"

"गालगुंड," मी म्हणाले.

"ह्या वयात?"

"लहानपणी राहून गेलं होतं."

बिचाऱ्यांनी विश्वास ठेवला. लांबच बसा, मला होतील, असं म्हणून पापड ठेवून गेले. ते गेल्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की माझे टाके दुखायला लागले. प्लास्टर फोडायला वन्संना वरवंटा घ्यावा लागला.

त्या पाडव्याला ह्यांनी चेहरा घेतला तेव्हा गाल जिथल्या तिथे होते. ते काही बोलले नाहीत, मी मनातल्या मनात देवीला नमस्कार केला. पाच-सहा वर्षं सुखाची गेली. मग वय झालं, पाळी गेली, मी सुटले. पोट वाढलं त्याबरोबर गाल वाढले. ते सगळ्यांचेच वाढतात म्हणा. पण डावा जरा जास्तच, आणि त्याच्या आत ती गाठ. डोळ्यांना दिसायची नाही. आरशासमोर मी तासन्‌तास बघायचे. फक्त बोटाला लागायची.

तर श्रीखंड टाकलं त्या पाडव्याला वन्संनी भावाला बजावलं, "सोमवारी फोन कर नाहीतर नको करूस. आधी शनिवारी पनवेलला चल, नसांच्या डॉक्टरला बोटं दाखव." आणि मला आत ओढून म्हणाल्या, "त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चेहऱ्याच्या डॉक्टरीणबाई आहेत. तुझाही गाल दाखवू. एकदा कळू दे काय आहे ते."

शनिवारी आम्ही तिघं गेलो. हे तळमजल्यावर रांगेत बसले. "माझा गुडघा दाखवून येतो आम्ही," असं सांगून वन्संनी मला जिन्याने वर नेलं. भावाशी खोटं बोलताना त्या बाईचा पायच कसा पुढे येतो कोण जाणे.

डॉक्टर निलोफर तांबोळी म्हणजे चाळिशीच्या, बारीक चष्म्याच्या, हसऱ्या बाई. त्यांनी दोन्ही गाल दाबून बघितले, मग आतल्या खोलीत निजवून गार जेल लावून सोनोग्राफी केली.

"किती वर्षं झाली भरून?"

"नऊ."

"तेव्हा वजन किती होतं?"

"त्रेचाळीस."

"आणि आता?"

"एकसष्ट," मी म्हणाले.

"पासष्ट," वन्सं म्हणाल्या.

डॉक्टर हसल्या. "चरबी पोटातून गालात नेली म्हणून तिचा स्वभाव बदलत नाही हो. तुम्ही जाड झालात की ती पोटातल्यासारखीच फुगते. आपण आता गालात राहतो, हे तिला कुणी सांगितलंच नाही."

"आणि डावाच का?"

"भरलेली सगळी चरबी जगत नाही. जिला रक्त मिळतं ती जगते. उरलेली विरते, नाहीतर आतल्या आत तेल होऊन साचते. त्या तेलाभोवती कवच धरतं, कवचावर चुना बसतो. तीच तुमची गाठ. अकरा मिलिमीटर."

"कॅन्सर…?" मी विचारलं.

"नाही, नाही. घाबरू नका. पण काढायच्या मागे लागू नका. तिथूनच चेहऱ्याची नस जाते, तिला धक्का लागला तर तोंड वाकडं होईल. दर वर्षी एकदा दाखवून जा." मग चष्मा काढून म्हणाल्या, "तुम्ही नशीबवान आहात. चरबी डोळ्याच्या रक्तवाहिनीत शिरली तर माणूस टेबलावरच आंधळा होतो. क्वचित होतं, पण होतं. भरून घ्यायला येणाऱ्या बायकांना मी हे आधी सांगते. निम्म्या तिथूनच परत जातात, आणि मला बरं वाटतं."

वन्सं खुर्चीत एकदम मऊ झाल्या. "वहिनी, मी तुला कुठे घेऊन गेले होते गं," म्हणून माझा हात धरला. मी म्हटलं, अहो, दिसतंय ना मला, तुमचं नाक केवढं आहे तेसुद्धा दिसतंय. तेव्हा कुठे हसल्या.

खाली आलो तर हे इमारतीतल्याच उपाहारगृहात चहा समोर घेऊन बसले होते. चहावर साय आली होती.

"काय म्हणाले डॉक्टर?" वन्संनी विचारलं.

"डोळे मिटायला लावले. केसाएवढा नायलॉनचा धागा बोटांना टेकवायचे आणि विचारायचे, लागला का? कुठे लागला? दोन टोकं टेकवली की एक? एकही चुकलो नाही. म्हणाले, तुमच्यासारखी बोटं मी अजून बघितली नाहीत. साखरेचा मागमूस नाही."

"अरे मग पेढे दे की दादा! तोंड का एवढंसं?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "बोटं ठीक आहेत, म्हणजे डोकं गेलं. सव्वीस वर्षं हिचा चेहरा माझ्या हातात आहे, आणि तोच चुकतोय. जे नाही ते आहे असं वाटतंय. विसरायला लागलोय मी हिला, कुंदा. बाबांच्या मोठ्या भावाचं असंच सुरू झालं होतं."

आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भर दुपारी, चारचौघांत. माझ्याच्याने ते बघवेना. लाज, भीती, सगळं गेलं खड्ड्यात.

"अहो, गाठ आहे," मी म्हणाले.

"काय?"

"माझ्या डाव्या गालात गाठ आहे. तुमचा अंगठा पहिल्यापासून बरोबर आहे. मीच खोटं बोलले. तीन वर्षं." आणि मग धरण फुटल्यासारखं सगळं सांगितलं. मुंबई, सुई, पोट, गाल, वर आत्ता झालेली सोनोग्राफी. ते ऐकत राहिले. शेजारच्या टेबलावरचा माणूससुद्धा इडली खायची थांबवून ऐकत होता.

"म्हणजे ती गालगुंडं?"

"नव्हती."

ते वन्संकडे वळले. "आणि तुझा पाय?"

"धडधाकट."

"तरीच!" ह्यांनी टेबलावर थाप मारली. "मी तेव्हाच म्हटलं, डॉक्टर लोकांना अशी कड येत नाही!"

पण लगेच गंभीर झाले. "पण का, शैला? कुणासाठी?"

आता ते सांगायलाच हवं होतं. "काविळीत एकदा संध्याकाळी तुम्ही माझ्या गालाला हात लावलात आणि झटकन मागे घेतलात. मी जागी होते. मला वाटलं, तुम्हाला किळस आली. नाहीतर धसका बसला. म्हटलं, पाडव्याला ह्यांच्या हाताला ही हाडं लागणार, मग गौर कसली करणार हे? कोण घेणार असली खप्पड गौर? सासऱ्यांपासूनचं काम माझ्या गालांमुळे बुडणार. म्हणून गेले. तुमच्या बोटांना जुना चेहरा सापडावा म्हणून."

हे माझ्याकडे आ वासून बघत राहिले.

"अगं, एकशे तीन ताप होता तुला! चटका बसला म्हणून हात मागे घेतला! तसाच धावत डॉक्टरला आणायला गेलो!"

वन्संनी कपाळावर हात मारून घेतला. मला हसावं की रडावं कळेना. नऊ वर्षं, एका चटक्यापायी!

"आणि खप्पड तर खप्पड," हे पुढे म्हणाले. "खप्पड केली असती. आईची कवळी यायच्या आधीची गौर आठवते ना, कुंदा? तोंडाचं बोळकं. बाबांनी तशीच केली. त्या वर्षी बायका मुखवटा हातात घेऊन रडायच्या, म्हणायच्या, आमची आई आली. दर वर्षी नव्याने चेहरा घ्यायचा तो कशाला? एकदा साचा काढून ठेवला असता तर जन्माचं काम उरकलं असतं. त्या वर्षी ती जशी आहे तशी घ्यायची, हीच तर रीत आहे."

"हे मला कोणी सांगितलं होतं?" मी म्हणाले. आणि खरंच, सव्वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मला आपलं वाटायचं, सुंदर आहे म्हणून बसवतात.

"सुंदर आहेसच," हे म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज बदलला. "ऑपरेशनचं जाऊ दे. पण तीन पाडवे तू मला 'काही नाही' म्हणालीस. मी रोज सकाळी बोट मेणबत्तीवर धरून बघायचो, शैला. चटका बसतो का म्हणून."

"चुकलं माझं," एवढंच म्हणाले आणि पदर तोंडाला लावला. माझी चूक होतीच, आणि गालांपेक्षा ती फार मोठी होती. मला वाटलं, आता हा माणूस उठून चालायला लागणार.

ते उठलेच. पण गेले ते कोपऱ्यातल्या बेसिनपाशी. हात कोपरापर्यंत धुतले, रुमालाने कोरडे केले, आले, खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि डोळे मिटले.

"पदर काढ. हलू नकोस."

"अहो, लोक बघताहेत!"

"बघू देत."

भर उपाहारगृहात, सांबाराच्या वासात, त्यांनी माझा चेहरा घेतला. कपाळ, भुवया, नाक. अंगठा डाव्या गालावर आला, थांबला, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की काय सांगू. "ही बघ. आहे! चांगली टणक आहे."

"अकरा मिलिमीटर," वन्सं म्हणाल्या.

"असेल. आणि तिच्या खाली दुसरी."

"दुसरी नाहीये," मी म्हणाले.

"बोलू नकोस. कानाच्या बाजूला, दोन सूत, पाव इंच मागे. मुगाएवढी. छे, मोहरीएवढी."

"दादा, अरे रिपोर्ट आहे हातात. एकच लिहिलीय."

ह्यांनी डोळे उघडले. "रिपोर्ट चुकलाय," म्हणाले आणि जिन्याकडे निघाले.

डॉक्टरबाई डबा उघडायच्या बेतात होत्या. हे आत शिरून म्हणाले, "बाई, मी हिचा नवरा. पुन्हा एकदा बघा. मोठीच्या खाली, कानाकडे, दोन सूत. अगदी बारीक आहे."

"कोणी सांगितलं?"

"ह्याने," म्हणून त्यांनी अंगठा दाखवला.

दुसरं कोणी असतं तर हाकललं असतं. पण त्या बाई भल्या. डबा झाकून उठल्या, मला पुन्हा निजवलं, पुन्हा ते गार जेल. यंत्र फिरवलं. काही नाही. हे बाजूला उभे राहून बघत होते. ओठ घट्ट मिटलेले, हात पाठीमागे. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात देवाला म्हणत होते, देवा, असू दे रे. माझ्या गालात आणखी एक गाठ असू दे. असलं मागणं त्याच्याकडे आजवर कोणी मागितलं नसेल.

"जरा तिरकं धरा," हे हळूच म्हणाले.

डॉक्टरांनी यंत्र तिरकं केलं, पडद्याकडे वाकल्या, चष्मा वर सरकवला.

"अरेच्चा!" त्या म्हणाल्या. "आहे की. दोन मिलिमीटर. माझ्या नजरेतून सुटली होती." मग वळून ह्यांच्याकडे नवलाने बघितलं. "तुम्ही करता तरी काय?"

"गौरी," हे म्हणाले आणि दार उघडून बाहेरच गेले.

मी गाल पुसत मागोमाग गेले. बघते तर हा पंचावन्न वर्षांचा बाप्या बाहेर, रांगेत बसलेल्या लोकांसमोर दोन्ही हात वर करून उभा, डोळे वाहताहेत आणि तोंडभर हसू. बाकावर एक नऊवारीतल्या म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांनी काळजीने विचारलं, "काय झालं हो?"

"दोन आहेत, आजी! दोन!"

आजींनी दारावरची सोनोग्राफीची पाटी बघितली, माझं पोट बघितलं, माझे पिकलेले केस बघितले. मग हात जोडून म्हणाल्या, "देव द्यायला लागला की वय बघत नाही बाई. सांभाळून जिना उतर हो." वन्सं भिंतीला टेकून हसता हसता खाली बसल्या. मी हसत होते, रडत होते, आणि माझ्या लग्नातसुद्धा मी एवढी सुखात नव्हते.

ह्याला आता अकरा वर्षं झाली. दोन्ही गाठी आहेत तशाच आहेत, दर वर्षी तांबोळीबाईंना दाखवून येते. त्या वर्षीची गौर डाव्या गालाने भरलेली निघाली आणि एकही शिल्लक राहिली नाही. पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्या दुपारचंच. त्याच जिन्यात उभं राहून ह्यांनी खिशातून फोन काढला, ठाण्याच्या माणसाला लावला आणि इतक्या मोठ्यांदा बोलले की चारही मजल्यांना ऐकू गेलं असेल.

"हां, मी पेणहून बोलतोय. तो साचा नको मला… नाही हो, तुमचं काम चांगलंच असणार. पण माझी बायको आहे ना!"